सासू-सासरे, दोन मुलं आणि नेपल्स: जमेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही सहा जण. तुम्ही नवरा-बायको, मुलगी १३ची, मुलगा ८चा, सासरे ७४ आणि सासूबाई ६९, त्यातून सासूबाईंचा एक गुडघा दुखरा. दिवाळीच्या सुट्टीत इटली, मुक्काम रोमला. आणि विचारताय की नेपल्स घाण आहे, चोरांचं आहे असं सगळेच सांगतात, तर तिथे न राहता रोमहूनच सकाळी निघून पॉम्पेईचे अवशेष, व्हेसुव्हियस ज्वालामुखी आणि जमलंच तर अमाल्फीचा किनारा असं एका दिवसात उरकून रात्री परत यावं का.

मी २००८पासून लोकांना इटलीला घेऊन जातेय, आधी एका टूर कंपनीतर्फे आणि आता स्वतःच, छोटे छोटे ग्रुप, बहुतेक सगळे मराठीच, त्यामुळे हा प्रश्न मला दरवर्षी दोन-चार जण तरी विचारतात. आणि खरं सांगू का, तुम्ही विचारलंय चोरांबद्दल, पण मला त्या प्रश्नात दिसतायत ते बारा पाय. त्यातले चार म्हातारे आणि दोन अगदी छोटे. नेपल्सला पाकीट मारलं गेलं तर एक दिवस वाईट जातो, पण पॉम्पेईच्या दगडांवर सासूबाईंचा पाय मुरगळला तर अख्खी ट्रिप हॉटेलच्या खोलीत. तेव्हा घाबरायचंच असेल तर कशाला घाबरायचं ते आधी ठरवू.

आता काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत त्या आधीच सांगते. पहिली म्हणजे दिवाळी त्या वर्षी कधी येतेय. पॉम्पेई ऑक्टोबर अखेरपर्यंत संध्याकाळी ७ पर्यंत उघडं असतं आणि शेवटचा प्रवेश साडेपाचला, पण नोव्हेंबर लागला की ५ लाच बंद आणि साडेतीननंतर आत घेत नाहीत. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात त्यामुळे अंधार भसकन पडतो. नोव्हेंबरात तिकडे पाऊसही भरपूर. म्हणजे ऑक्टोबरमधली दिवाळी आणि नोव्हेंबरमधली दिवाळी या दोन वेगळ्या ट्रिपा आहेत. दुसरी गोष्ट, गुडघा किती दुखरा? जिने चढताना दुखतो, की सपाटीवर अर्धा तास चाललं तरी दुखतो? पहिलं असेल तर काहीच अडचण नाही, दुसरं असेल तर खाली मी जे पॉम्पेईबद्दल लिहिलंय ते नीट वाचा.

रोमहून एका दिवसात करायचा हिशोब असा बघा. रोम ते नेपल्स फास्ट ट्रेन सव्वा तासाची, हे सगळेजण सांगतात. पण तुमच्या हॉटेलमधून सहा जणांनी तयार होऊन स्टेशनवर पोचायचं, नेपल्सला उतरून खालच्या मजल्यावरची लोकल शोधायची, तिकिटं काढायची, गर्दीची एक गाडी सोडून द्यायची, मग ३५-४० मिनिटं प्रवास. दारात पोचेपर्यंत तीन तास धरा. तेवढेच परत. उरलेल्या वेळात एक राखेत गाडलं गेलेलं शहर, एक ज्वालामुखी आणि एक समुद्रकिनारा!

मी हे एकदा केलंय म्हणून सांगते. २०११च्या जुलैत एका मोठ्या कुटुंबाच्या आग्रहाला बळी पडून मी अगदी हाच प्लॅन आखला, चूक माझीच, मला कळायला हवं होतं. दुपारी एक वाजता पॉम्पेईच्या फोरममध्ये त्यांच्यातल्या काकांना चक्कर आली. फोरम म्हणजे उघडं पटांगण, सावली औषधालासुद्धा नाही, एका तुटक्या खांबाच्या बुंध्यावर त्यांना बसवून आम्ही ओढण्या धरून उभ्या. ते सावरले, पण मग पुढचं सगळं पळापळीत झालं आणि अमाल्फीचा तो जगप्रसिद्ध रस्ता त्यांनी पाहिला तो अंधारात, मिनीबसच्या काचेला डोकं टेकून, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यानंतर मी हा प्लॅन कुणालाही करून देत नाही. पैसे देतो म्हणाले तरी.

त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे, रोममधल्या रात्री कमी करा आणि नेपल्सला तीन रात्री राहा. अमाल्फी या वेळी सोडा. व्हेसुव्हियस खालूनच बघा. त्याच्या विवरापर्यंत जायचं तर बस सुमारे हजार मीटरपर्यंत नेते आणि मग वर खडीच्या भुसभुशीत चढावर अर्धा तास चालायचं असतं, तिकीटही आधी ऑनलाइनच काढावं लागतं. सासूबाईंना ते जमायचं नाही आणि मुलगा वर जाऊन म्हणणार लाव्हा कुठेय. लाव्हा नाहीये, १९४४नंतर तो डोंगर झोपलेलाच आहे. हां, मुलीला फारच हौस असेल तर बाप-लेक दोघं जाऊन येऊ देत, बाकीचे हॉटेलवर. कुटुंबाने प्रत्येक गोष्ट सहाच्या सहा जणांनी करायची हा हट्ट सोडलात तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

आता ते घाण आणि चोर. खोटं नाही सांगणार, शहर रंग उडालेलं आहे. भिंती ग्राफिटीने भरलेल्या, कचऱ्याचे डबे ओसंडलेले, फुटपाथवरून स्कूटर येते आणि वर आपल्यालाच हॉर्न मारते. रोम-फ्लोरेन्स बघून आलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात वाटतं की कुठे आणलं हिने आपल्याला. पण माझा अनुभव असा की मुंबई-पुण्याच्या जुन्या वस्तीत वाढलेल्या माणसांना नेपल्स सगळ्यात लवकर आवडतं, विशेषतः म्हाताऱ्यांना. एकदा एक आजी गल्लीत उभ्या राहून वर बघत बसल्या होत्या, मी म्हटलं काय झालं, तर चौथ्या मजल्यावरच्या बाईने दोरीने टोपली खाली सोडली होती आणि भाजीवाला त्यात पिशवी ठेवत होता. आजी म्हणाल्या, "अगं ही तर आमची गिरगावातली चाळ." वाळत घातलेले कपडे, खिडकीतून खिडकीत गप्पा, कोपऱ्याकोपऱ्यावर देव्हारा आणि त्यात दिवा. फक्त देव्हाऱ्यात मादोन्ना, म्हणजे मेरीमाता, आणि शेजारी बऱ्याचदा मॅराडोना. हे विनोदाने म्हणत नाहीये, तो १९८४ ते १९९१ तिथल्या फुटबॉल क्लबकडून खेळला आणि १९८७ला त्यांना पहिल्यांदा लीग जिंकून दिली, उत्तरेकडच्या श्रीमंत शहरांच्या नाकावर टिच्चून, त्यामुळे तिथे त्याचा फोटो देवासारखाच लावतात. तुमचा मुलगा फुटबॉल बघत असेल तर स्पॅनिश क्वार्टर्समधलं त्याचं मोठं भित्तिचित्र नक्की दाखवा, संग्रहालयापेक्षा ते जास्त लक्षात राहील.

चोरीचं म्हणाल तर होते ती पाकीटमारी. दादर स्टेशनवर आपण पर्स जशी पुढे घेतो तशी घ्यायची, बस. फोन हातात नाचवत रस्त्याच्या कडेने चालायचं नाही कारण स्कूटरवरून हिसकावतात. सोन्याच्या साखळ्या-मंगळसूत्र घरी ठेवून जा, सासूबाई कुरकुर करतील पण हे ऐकाच. पासपोर्ट नवऱ्याच्या एकाच पाऊचमध्ये सहाही नको, तिघा मोठ्यांत वाटून ठेवा. एवढ्या वर्षांत माझ्या ग्रुपमधल्या तिघांचे खिसे मारले गेले, तिन्ही वेळा गर्दीच्या गाडीत चढताना, दारातच. पुढचा माणूस अचानक थांबतो, मागचा ढकलतो, मधल्याचं पाकीट जातं, आपल्याकडच्यासारखंच. म्हणून चढताना ढकलाढकली दिसली की गाडी सोडून द्यायची.

राहायचं कुठे? सेंट्रल स्टेशनजवळ हॉटेलं स्वस्त मिळतात आणि लोक तिथेच फसतात. गाडीला सोयीचं असतं हे खरं, पण रात्री जेवून परत येताना तो परिसर सहा जणांच्या कुटुंबाला नको वाटतो आणि मग लोक घरी येऊन सांगतात नेपल्स वाईट. तोलेदो किंवा म्युनिचिपिओ मेट्रो स्टेशनच्या आसपास बघा, तिथून मेट्रोच्या लाइन १ने गारिबाल्दीला, म्हणजे सेंट्रल स्टेशनला, थेट जाता येतं. शांतता हवी असेल तर वर टेकडीवर व्होमेरो, तिथे केबलने ओढली जाणारी फ्युनिक्युलर जाते, मुलांना तीच एक राइड. जुन्या गावात, अगदी गल्लीबोळात घर घेऊ नका, रात्री एकपर्यंत आवाज असतो.

अपार्टमेंट घेणार असाल तर एकच प्रश्न तीन-तीनदा विचारा, लिफ्ट आहे का आणि ती कुठपर्यंत जाते. जुन्या वाड्यांमध्ये तळमजला वेगळा, मग कधी कधी एक अर्धा मजला, आणि त्यानंतर पहिला मजला सुरू. म्हणजे 'दुसरा मजला' म्हणून जे घेता ते आपल्या हिशोबाने तिसरा-साडेतिसरा निघतो. आणि काही ठिकाणी लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं, हो, वजनकाट्यासारखं! तेव्हा १०-२० सेंटची नाणी फेकून देऊ नका. एअरपोर्ट किंवा स्टेशनवरून टॅक्सी घेताना बसायच्या आधीच 'तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता' म्हणायचं, म्हणजे ठरलेला दर, तो शहराने लावून दिलेला असतो, पण तो सुरुवातीलाच मागावा लागतो. साध्या टॅक्सीत चारच जण बसतात, तुम्हाला मोठी गाडी लागेल किंवा दोन.

आता मुख्य गोष्ट, पॉम्पेई. लोकांच्या डोक्यात पॉम्पेई म्हणजे एखादा किल्ला किंवा लेणं असतं, तास-दीड तासात बघून होईल असं. ते आहे एक अख्खं रोमन शहर, सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडलं गेलेलं, ६६ हेक्टर, त्यातलं दोन तृतीयांश उकरून काढलेलं. रस्ते, चौक, बेकऱ्या, दुकानं, हमामखाने, नाट्यगृहं, वेश्यागृहसुद्धा. सगळं बघायला दोन दिवसही पुरत नाहीत, त्यामुळे सगळं बघायचं नाही हे आधीच मान्य करून आत जायचं. आणि रस्ते म्हणजे काळ्या लाव्हाच्या मोठमोठ्या शिळा, दोन हजार वर्षांत गुळगुळीत झालेल्या, मधे गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, पाऊस पडून गेला की साबण लावल्यासारखे. गुडघ्याचा शत्रू तो.

बहुतेक लोक पोर्ता मरिना या दाराने जातात कारण लोकलचं स्टेशन समोरच आहे. तिथून आत शिरलं की लगेच चढ. तुम्ही तसं करू नका. दुसऱ्या टोकाला पियात्सा आन्फितेआत्रो नावाचं दार आहे, तिथून 'पॉम्पेई पेर तुत्ती', म्हणजे सगळ्यांसाठी पॉम्पेई, असा एक सपाट केलेला मार्ग सुरू होतो, व्हीलचेअर आणि बाबागाडीवाल्यांसाठी बनवलेला, तो शहराच्या मधून फोरमपर्यंत नेतो. म्हाताऱ्यांना त्याच मार्गावर ठेवा. सुरुवातीलाच अॅम्फिथिएटर लागतं, ख्रिस्तपूर्व ७०च्या सुमाराचं, रोमच्या कलोसियमपेक्षा दीडशे वर्षं जुनं, हे सासऱ्यांना सांगा, ते खूष होतील. तिथून जवळच एका बागेत तेरा माणसांचे प्लास्टरचे ठसे आहेत, पळून जाताना जिथे पडली तिथेच राहिलेली. राखेत शरीरं कुजून गेली आणि पोकळ्या राहिल्या, १८६३मध्ये ज्युसेप्पे फियोरेल्लीने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायची युक्ती काढली. आठ वर्षांच्या मुलाला हे दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, माझ्या अनुभवात मुलं ते सहज घेतात आणि रडतात ते मोठेच, पण रात्री घाबरणारं मूल असेल तर ती बाग टाळा.

मुलांना पॉम्पेईत काय आवडतं सांगू? देवळं अजिबात नाही. रस्ता ओलांडायला मधे ठेवलेले उंच दगड आवडतात, रस्त्यातून पाणी आणि घाण वाहायची म्हणून ते ठेवलेले आणि गाडीची चाकं बरोब्बर त्यांच्या मधून जायची. बेकरीतली मोठाली दगडी जाती आणि भट्टी आवडते, अशाच एका बेकरीच्या भट्टीत ८१ पाव सापडले, जळून कोळसा झालेले पण आकार जसाच्या तसा. आणि थर्मोपोलियम, म्हणजे त्या काळची खाऊगल्ली, दगडी ओटा आणि त्यात खोल मडकी बसवलेली. मुलगी १३ची आहे तर तिला जाण्याआधी धाकट्या प्लिनीची गोष्ट सांगा. सन ७९, वय १७, खाडीच्या पलीकडे राहणारा, त्याने डोंगरातून छत्रीसारख्या पाइनच्या झाडाच्या आकाराचा ढग वर जाताना पाहिला, त्याचा मामा जहाजं घेऊन लोकांना वाचवायला गेला आणि परत आलाच नाही. पुढे कितीतरी वर्षांनी त्याने हे सगळं इतिहासकार टॅसिटसला पत्रांतून कळवलं आणि आपल्याला जे माहितीये त्यातलं बरंच त्या पत्रांमुळेच. आपल्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा मुलगा हे बघत होता, एवढं कळलं की तिची नजर बदलते.

तिकिटाचं लक्षात ठेवा, दिवसाला २० हजारच लोक आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे पासपोर्ट बरोबर हवेत. १८च्या खालच्यांना फुकट, पण त्यांचंही तिकीट घ्यावंच लागतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना फुकट असतं आणि म्हणूनच त्या दिवशी जायचं नाही. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. आत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, रिकाम्या बाटल्या न्या. स्टेशनमधून बाहेर पडल्या पडल्या कुणी गळ्यात कार्ड घालून "टिकीट, टिकीट, ऑफिशियल" म्हणत आलं तर त्याच्याकडे न बघता पुढे चालायचं.

लोकलचं नाव सर्कमव्हेसुव्हियाना. आपल्या लोकलइतकीच गर्दी, बऱ्याच डब्यांना एसी नाही, जिने आहेत. सगळे टुरिस्ट ती गारिबाल्दीला पकडतात. तुम्ही एक स्टेशन आधी पोर्ता नोलानाला जाऊन पकडा, गाडी तिथूनच सुटते, म्हाताऱ्यांना बसायला मिळतं. आपण विरारला जागा मिळावी म्हणून करतो तेच. सीझनमध्ये कॅम्पानिया एक्स्प्रेस नावाची महागडी आणि जरा बरी गाडी पण असते. पण सहा जणांचा हिशोब केला तर जायला-यायला ड्रायव्हरसकट व्हॅन केलेली फार महाग पडत नाही, आणि ती तुम्हाला थेट त्या सपाट दाराशी सोडेल. इथे पैसे वाचवू नका, दुसरीकडे वाचवा.

आणि गुडघा सपाटीवरही दुखत असेल तर? तर म्हाताऱ्यांसाठी पॉम्पेई नकोच, हर्क्युलेनियम करा, त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं दुसरं गाव, आजचं एर्कोलानो, त्याच लोकलवर निम्म्या वाटेत. मला विचाराल तर तेच जास्त आवडतं. पॉम्पेईच्या दहाव्या हिश्शाहूनही छोटं, दोन-अडीच तासांत आरामात होतं, एका मोठ्या खड्ड्यात आहे त्यामुळे सुरुवातीला वरूनच सगळं गाव एका नजरेत दिसतं, ज्याला उतरायचं नाही त्याला तेवढंही पुरतं. फरक का पडला ते सांगते. उद्रेकाच्या दिवशी वारा पॉम्पेईच्या दिशेने होता, म्हणून तिकडे तासन्‌तास हलक्या दगडांचा पाऊस पडला आणि छपरं त्या वजनाने कोसळली. हर्क्युलेनियमवर सुरुवातीला फार काही पडलंच नाही, आणि मग रात्री तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट डोंगरावरून आला आणि सगळं गाव वीसेक मीटर गाडलं गेलं. त्या आचेत लाकूड जळून खाक न होता त्याचा कोळसा झाला आणि वरचं सगळं दगडासारखं घट्ट बसलं. त्यामुळे तिथे दुसरे मजले उभे आहेत, जिने आहेत, तुळया आहेत, दुकानात सुरया ठेवायची लाकडी मांडणी आहे, दोन खोल्यांमधलं घडीचं लाकडी पार्टिशन आहे. आपल्या कोकणातल्या घरात असायचं ना, तसंच. खाली जुन्या किनाऱ्यावरच्या कमानींमध्ये जवळजवळ ३०० माणसांचे सांगाडे मिळाले, बोटींची वाट बघत थांबलेली. तिकडे मुलाला न्यायचं की नाही, परत तुमचं तुम्ही ठरवा. स्टेशनपासून जाताना दहा मिनिटं उतार, म्हणजे येताना चढ, येताना टॅक्सी.

तिसऱ्या दिवशी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय, तेही पॉम्पेईच्या नंतर, आधी नाही. मंगळवारी बंद. पॉम्पेईतली चांगली चित्रं, मोझेइक, भांडीकुंडी सगळी तिथे आहेत, आणि आदल्या दिवशी रिकामी घरं बघितलेली असली की मुलांना "हे त्या घरातलं" असं जोडता येतं. उलट केलं तर काही जुळत नाही.

आणि तिथे आपल्यासाठी एक खास गोष्ट आहे जी बरेचसे गाइड सांगतच नाहीत. १९३८मध्ये पॉम्पेईच्या एका घरात वीतभराहून जराशी उंच हस्तिदंती बाई सापडली, भरपूर दागिने, बांगड्या, कमरपट्टा, पायांशी दोन दासी. इटालियन लोकांनी तिला लक्ष्मी म्हटलं, अभ्यासक म्हणतात यक्षी असावी, आरशाची मूठ असावी असंही म्हणतात. आणि गंमत म्हणजे तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला मिळाल्यात, त्यामुळे ही बाई सातवाहनांच्या मुलखातून, आपल्या मराठवाड्याकडून गेलेली असावी असं बऱ्याच जणांचं मत आहे. म्हणजे जालन्याकडची बाई सन ७९च्या आधीच इटलीत पोचलेली! माझ्या ग्रुपमधले एक सर मूळ भोकरदनचे होते, ते त्या काचेसमोरून अर्धा तास हलले नाहीत, नंतर म्हणाले "गावाकडचं माणूस भेटल्यासारखं वाटलं." फक्त एक सावधगिरी, ती ठेवलीये 'गुप्त दालना'त, जिथे पॉम्पेईतल्या सगळ्या कामुक वस्तू एकत्र ठेवल्यात. १४च्या खालच्या मुलांना मोठ्यांबरोबरच सोडतात. त्या खोलीत सासरे, सून आणि १३ वर्षांची मुलगी एकदम जाणं म्हणजे... तुम्हीच बघा, दोन-दोनच्या बॅच करा. आणि ते दालन त्या दिवशी उघडं आहे का हे तिकीट काढतानाच विचारून घ्या.

शहरात बाकी काय? स्पाक्कानापोली ही सरळसोट गल्ली, ग्रीकांनी आखलेल्या रस्त्यावरच आजही चालू असलेली. तिला छेदणारी सान ग्रेगोरिओ आर्मेनो, जिथे वर्षभर येशूजन्माच्या देखाव्यातली मातीची चित्रं बनवतात, अगदी पेणच्या गणपतीच्या कारखान्यांसारखं, आणि तुम्ही दिवाळीच्या सुमाराला जाताय म्हणजे नाताळची तयारी चालू असणार, बघण्यासारखं असतं (आणि गर्दीही तशीच, पर्स पुढे). मुलांना जमिनीखालचं नेपल्स दाखवा, ग्रीकांनी दगड काढून काढून पोखरलेलं, मग पाण्याच्या टाक्या झालेलं आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून लपायची जागा झालेलं, चाळीसेक मीटर खाली. पण तिथे शंभरावर पायऱ्या आणि एक अगदी अरुंद बोळ आहे, त्यामुळे त्या वेळी आजी-आजोबा वर कॉफी घेत बसतील. बसून प्यायली तर कॉफी महाग पडते, उभ्याने काउंटरवर स्वस्त, हे इटलीभर.

खाण्याचं. तुम्ही लिहिलंय सासू-सासरे शुद्ध शाकाहारी. नेपल्स त्यांना रोमपेक्षा सोपं जाईल. मार्गेरिता तर आहेच, मारिनारामध्ये चीजही नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. पिझ्झाचा मधला भाग ओलसर असतो, कच्चा राहिलाय म्हणून परत पाठवू नका, तो तसाच असतो. वांग्याची पार्मिजाना विचारा. फसवणूक होते ती डुकराच्या चरबीत, तिला 'स्त्रुत्तो' किंवा 'सुन्या' म्हणतात. कुरकुरीत पापुद्र्यांची स्फोल्यातेल्ला दिसायला आपल्या चिरोट्याची बहीण, सासूबाई लगेच हात घालतील, पण तिच्या पारीत पारंपरिक पद्धतीने हीच चरबी असते. मिरीचे ताराल्ली, तेही तसेच. बाबा नावाच्या केकात रम. पार्मेजान चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने लावतात, हे किती पाळायचं ते घरी आधीच बोलून घ्या, पिझ्झेरियात बसून नको. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा स्त्रुत्तो', म्हणजे मांस नको, मासे नको, डुकराची चरबी नको, एवढं कागदावर लिहून ठेवा आणि दाखवा. रात्री स्वयंपाकघर सात-साडेसातच्या आधी उघडत नाही, त्यामुळे मुलांसाठी संध्याकाळची सोय आपली आपण, आणि अपार्टमेंट असेल तर मुगाच्या खिचडीचं सामान न्याच. एक रात्र तरी ती लागते, मला आजवर कुणी 'नको' म्हटलेलं नाही.

तर थोडक्यात, पहिल्या दिवशी रोमहून दुपारपर्यंत नेपल्स, सामान टाकायचं, संध्याकाळी समुद्राकाठी चक्कर आणि पिझ्झा, बस. दुसऱ्या दिवशी सकाळी ९च्या ठोक्याला पॉम्पेई, व्हॅनने, चार तास, परत येऊन झोप. तिसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय, दुपारी गल्ल्या. चौथ्या दिवशी जमलं तर हर्क्युलेनियम, मग ट्रेन. गुडघा ठीक नसेल तर दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं मुलांना घेऊन पॉम्पेईला आणि आजी-आजोबा हॉटेलवर किंवा व्होमेरोला, आणि हर्क्युलेनियमला मात्र सगळे मिळून. संपाचं तेवढं बघून ठेवा, इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर होतो, 'शोपेरो' हा शब्द स्टेशनवर कुठे लिहिलेला दिसला तर फोटो काढून हॉटेलवाल्याला विचारा.

बुटांचं सांगायलाच नको, पण सांगते, सासूबाई साडीवर चप्पल घालून येतील, त्यांना निघायच्या महिनाभर आधी स्पोर्ट्स शूज घेऊन द्या आणि रोज घालून चालायला लावा, विमानतळावर पहिल्यांदा नको. काठी घ्या म्हटलं तर त्या घेणार नाहीत, कुणीच घेत नाही, "मी काय एवढी म्हातारी झाले का" म्हणतात. मी अशा वेळी लांब दांड्याची, आकड्याच्या मुठीची जुन्या पद्धतीची छत्री हातात देते. ऊन आलं तर उघडायची, पाऊस आला तर उघडायची, आणि बाकी वेळ त्या टेकत टेकत चालतात आणि कुणी काही म्हणत नाही.